फ्लॉरेन्सला एकट्याने जाताना आधी तारखा जुळवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून इटलीवर लेख येतात. छायाचित्रे देखणी असतात, पाहण्याजोग्या ठिकाणांची नावेही असतात. परंतु ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर या पट्ट्यातून आज अनेकजण पहिल्यांदाच, टूर कंपनीशिवाय आणि एकट्याने परदेशी निघतात. त्यांचा घोळ ठिकाणांत होत नाही, तारखांत होतो. कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणत्या गोष्टीचे पैसे शेवटपर्यंत भरायचे नाहीत, हे कळले तर फ्लॉरेन्स एकट्या माणसाला फार सोयीचे शहर आहे. जुने शहर सगळे पायी होते. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून बाहेर पडले की दहा मिनिटांत कॅथेड्रल आणि तिथून आणखी दहा मिनिटांत आर्नो नदीवरचा पोन्ते वेक्कियो हा जुना पूल.

पहिली तारीख पासपोर्टवरची. शेंगेन, म्हणजे इटलीसह युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. यात काही कमी असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेणे हे पहिले काम. त्याच बैठकीत नावही तपासून घ्यावे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. विमानाचे तिकीट, विमा आणि हॉटेल तिन्हीकडे ते तसेच्या तसे लिहावे. लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव आणि बँकेत दुसरे, असे असेल तर विवाह नोंदणी दाखल्याची प्रत अर्जाला जोडावी. कागद एवढासा असतो, पण तो नसला की बँकेचे विवरणपत्र नक्की कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो.

इटलीचे अर्ज मुंबईत व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वीकारले जातात, निर्णय मात्र इटलीच्या वकिलातीचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या किमान १५ दिवस आधी तो गेलाच पाहिजे. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस. छाननी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत. तेवढे दिवस पासपोर्ट आपल्याजवळ नसतो. एप्रिल-मेच्या सुट्टीसाठी तर केंद्राची वेळ मिळणेच अवघड. म्हणून निघण्याच्या तारखेपासून तीन महिने मागे मोजावेत आणि त्या सुमारास अर्ज जाईल असे बघावे. दिवाळीत जायचे तर कागद जुलैत तयार हवेत. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, सेवाशुल्क वेगळे. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत येत नाहीत.

कागदांत नोकरदारांना रजेचे पत्र, पगारपत्रके, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँकेचे विवरणपत्र लागते. व्यवसाय असेल तर गुमास्ता परवाना किंवा जीएसटी नोंदणी. एकट्या प्रवाशाने ६ ते १० दिवसांच्या मुक्कामासाठी दिवसाला ४४.९३ युरोंची तजवीज दाखवावी असे इटलीचे कोष्टक सांगते. ही किमान रक्कम झाली, खात्यात त्याहून पुष्कळ जास्त असावी. आणि ती आधीपासून असावी. अर्जाच्या आठवडाभर आधी मामांनी टाकलेले दोन लाख विवरणपत्रात लगेच उठून दिसतात. मामा खरोखर खर्च करणार असतील तर त्यांचे तसे पत्र आणि त्यांच्या खात्याचा कागद सरळ जोडावा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू आणि परतीनंतरचे दोन दिवस धरून घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, तेवढे कलम वाचूनच पैसे भरावेत.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, ती. आपल्या भागातले काही दलाल व्हिसासाठी ‘डमी’ तिकीट आणि ‘डमी’ हॉटेल काढून देतात. हॉटेलचे आरक्षण अर्ज करण्यापुरते असते, नंतर दोन दिवसांत रद्द केलेले. वकिलातीने हॉटेलला विचारले आणि तिथे नाव सापडले नाही, तर अर्ज फेटाळला जातो, आणि त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत राहते. पुढे फ्रान्सचा अर्ज केला तरी ती दिसते. यात दलालाचे काहीच जात नाही, नाव खराब होते ते अर्जदाराचे. याची मुळीच गरज नाही. स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या कार्डाने असे हॉटेल घ्यावे, की जे निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत पैसे न कापता रद्द करता येते. अशी हॉटेले फ्लॉरेन्समध्ये मुबलक आहेत. विमानाचे भाडे परतावा मिळणारे निवडावे. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

हा क्रम लक्षात ठेवावा. रद्द होणारे हॉटेल, परतावा मिळणारे विमान, विमा, मग अर्ज. ज्याचे पैसे परत मिळत नाहीत ते सगळे, म्हणजे वेगवान रेल्वेची स्वस्त तिकिटे आणि कॅथेड्रलच्या घुमटावर चढण्याची वेळ, व्हिसा हातात आल्यावर.

व्हिसा आला की तो चिकटवलेला कागद नीट वाचावा. ‘पासून-पर्यंत’च्या तारखांत साधारण १५ दिवसांची सवलत धरलेली असते, त्यामुळे त्या लांब दिसतात. खरे राहता येते ते ‘मुक्कामाचे दिवस’ या रकान्यात लिहिले आहे तेवढेच, आणि त्यात पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. पहिल्या वेळी बहुधा मागितले तेवढेच दिवस मिळतात. आखातातून जाणारी बरीच विमाने मुंबईहून पहाटे सुटतात. १२ तारखेच्या पहाटे चारचे विमान म्हणजे ११ तारखेला रात्रीचे जेवण झाले की घर सोडणे. ही एक तारीख चुकली की पुढची सगळी आरक्षणे चुकतात. शिवाय नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर कोणता विमानतळ आहे हे बघणे आवश्यक झाले आहे. ‘बीओएम’ म्हणजे अंधेरी-सहारचा, ‘एनएमआय’ म्हणजे उलव्याचा. घोडबंदर रोडवरून निघणाऱ्याला हा फरक अगदी शेवटच्या क्षणी कळून उपयोगाचा नाही.

फ्लॉरेन्सचा स्वतःचा विमानतळ छोटा आहे. धावपट्टी आखूड, वारा फिरला की विमाने पिसा किंवा बोलोन्याला वळवतात. ट्राम टी२ मात्र तिथून थेट शहरात येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने रोमला उतरून रेल्वेने जाणे जास्त भरवशाचे. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनात पोहोचवते, आणि तेर्मिनीहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स सुमारे दीड तास. विमान उतरण्याची वेळ आणि ही गाडी यांत किमान तीन तास ठेवावेत, कारण शेंगेनच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. त्यात चेहऱ्याचे छायाचित्र घेतात, रांगा लांबतात. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर ही तपासणी तिथेच होते, तेव्हा तिथला थांबा तासाभराचा घेऊ नये.

स्टेशनांवर शहराचे नाव ‘फिरेन्झे’ असे दिसेल. उतरायचे ते ‘फिरेन्झे एस. एम. एन.’ला. काही गाड्या काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात, ती शहराबाहेरच्या बाजूची स्टेशने आहेत. पिसा, सिएना, लुक्का अशा जवळच्या गावांना जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचे कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. यंत्राने आवाज केला तरी छाप उमटली का ते डोळ्यांनी बघावे, शाई संपलेली असते. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाला प्रवास सुरू होण्याआधी चेक-इन करावे लागते. तिकीट काढूनही दंड भरणारे बहुतेक इथेच सापडतात. ‘शोपेरो’ म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठराविक प्रादेशिक गाड्या तरीही धावतात.

हॉटेल शोधताना आणखी एक गोष्ट. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरांचे दोन क्रमांक चालतात. दुकाने-उपाहारगृहांचे तांबडे आणि राहत्या घरांचे निळे किंवा काळे. पत्त्यात ‘२५ आर’ असेल तर ते तांबडे २५. निळे २५ त्याच रस्त्यावर, पण कदाचित बरेच पुढे. मोबाइलचा नकाशाही कधीकधी यात चुकतो. रात्री बॅग ओढत फिरण्यापेक्षा हॉटेलकडून क्रमांकाचा रंग आधीच विचारून घ्यावा. रस्ते दगडी फरशांचे आहेत, लहान चाकांच्या बॅगा त्यात अडकतात. पाठीवरची पिशवी किंवा मोठ्या चाकांची बॅग बरी. हॉटेलात माणशी दर रात्रीचा शहर कर वेगळा द्यावा लागतो, आरक्षणात तो बहुधा धरलेला नसतो. पासपोर्टची नोंदही करतातच. तिथल्या कायद्याने हॉटेलाला पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांना कळवावी लागते, तेव्हा पासपोर्ट मागितला म्हणून बिचकू नये.

प्रत्यक्ष शहरात सगळ्यात आधी ठरवावी लागते ती कॅथेड्रलवरच्या, वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीच्या घुमटाची वेळ. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, पण घुमटावर चढायला दिवस आणि वेळ ठरलेले तिकीट लागते, आणि ती वेळ नंतर बदलता येत नाही. म्हणून ती पोहोचल्याच्या दिवशी घेऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नको. विमान वळले किंवा बॅग राहिली तर तिकीट वाया जाते. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, मध्येच परत फिरायला वाटही नाही. हा घुमट १४२० ते १४३६ या काळात खालून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता बांधला गेला. त्याची दोन कवचे आहेत, एकात एक, आणि जिना त्या दोहोंच्या मधून जातो. आधी दगडी गोल पायऱ्या, मग घुमटाच्या आतल्या कडेने एक अरुंद सज्जा, जिथे वासारी आणि झुक्कारी यांनी रंगवलेला ‘अंतिम न्याय’ हाताच्या अंतरावर येतो. त्यानंतरचा भाग तिरका. दोन्ही खांदे भिंतींना लागतात, डोके वाकवावे लागते, आणि बाजूला विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या दिसतात. त्या रचनेमुळेच विटांचा प्रत्येक थर चुन्याचा मसाला सुकेपर्यंत जागेवर धरून राहिला. एवढ्या थोर बांधकामाच्या पोटातून चालत जायला मिळते, यासारखे भाग्य नाही. मात्र ज्यांना कोंदट जागेत घाबरायला होते, गुडघे दुखतात किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी हट्ट करू नये. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत, पण तिथे मधले मोकळे मजले आहेत, थांबत थांबत जाता येते. आणि तिथून घुमट समोर दिसतो. घुमटावरून घुमट दिसत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत, मोठी पिशवी चालत नाही.

कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांसमोर फोटोसाठी गर्दी उसळते. गिबेर्तीची सोनेरी दारे तिथे प्रतिकृती आहेत. खरी दारे कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात, काचेआड. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचेही तसेच. सिन्योरिया चौकातला १९१० मध्ये बसवलेला पुतळा ही प्रतिकृती. १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला, ५.१७ मीटर उंचीचा मूळ पुतळा आकादेमिया संग्रहालयात आहे. आकादेमिया आणि उफ्फिझी हे मोठे चित्रसंग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवार धरून चार दिवसांचा बेत करणाऱ्यांचा सोमवार म्हणून कोरडा जातो. तो दिवस सान मिन्यातो टेकडीला, नदीपलीकडच्या ओल्त्रार्नोच्या गल्ल्यांना किंवा पिसाला द्यावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये मोफत असतात. पैसे वाचतात, पण उफ्फिझीत बोतिचेल्लीच्या चित्रांसमोर उभे राहायला जागा मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो रविवार टाळून पैसे भरावेत. उफ्फिझीत सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि तीन तास धरावेत. उफ्फिझीतून पोन्ते वेक्कियोवरून नदीपलीकडे नेणारी वासारीची बंदिस्त मार्गिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली, तिचे तिकीट वेगळे आणि वेळही वेगळी.

खाण्याचे. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवावे. आंबे आणि कढीपत्ताही नको. केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरियन ही पाच फळे सोडली तर बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. तेलातला चिवडा, चकली, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्यावी. तिथे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून खावे लागते. रिबोल्लिता म्हणजे पाव, गडद पानांचा कोबी आणि पांढरा घेवडा यांचे दाट सूप. काही ठिकाणी त्यात मांसाचे पाणी असते. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ (मांसाशिवाय, मांसाच्या पाण्याशिवाय) असे स्पष्ट विचारावे. ‘पप्पा आल पोमोदोरो’ टोमॅटो आणि पावाचे, बहुतेक वेळा सुरक्षित. क्रोस्तिनी, म्हणजे भाजलेल्या पावाच्या तुकड्यांवरचा तपकिरी लेप कोंबडीच्या काळजाचा असतो आणि गाडीवरचे लाम्प्रेदोत्तो म्हणजे गायीचे चौथे जठर, हे ठाऊक असावे. पार्मिजानो चीजमध्ये वासराचे रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे वासराच्या जठरातले द्रव्य असते. जैन वाचकांनी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ (लसणाशिवाय, कांद्याशिवाय) हे लिहून जवळ ठेवावे. तोस्काना या फ्लॉरेन्सच्या प्रांतातला पाव बिनमिठाचा असतो, शिळा म्हणून परत करू नये. जेवणाची स्वयंपाकघरे अडीचच्या सुमारास बंद होतात ती साडेसातला उघडतात. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त. टेबलावर बसलात की दर वेगळा. बिलावरचे ‘कोपेर्तो’ हा माणशी बसण्याचा आकार आहे, फसवणूक नाही.

एकट्याच्या प्रवासात सगळ्यात मोठी अडचण ही की, मोबाइल गेला तर शेजारच्याचा मागता येत नाही. म्हणून दोन कार्डे दोन ठिकाणी, शंभरेक युरो तिसऱ्या ठिकाणी आणि पासपोर्ट-व्हिसा-विम्याच्या कागदी प्रती बॅगेत ठेवाव्यात. आपली कार्डे मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात, परदेशी वापर बँकेच्या अॅपमधून निघण्याआधी चालू करावा. ओटीपी येण्यासाठी भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवावे, इंटरनेट दुसऱ्या सिमवर घ्यावे. एटीएमने किंवा दुकानातल्या कार्डाच्या यंत्राने ‘रुपये की युरो’ असे विचारले तर नेहमी युरो. रुपये निवडले की दर यंत्राचा मालक ठरवतो. चार्जरची बारीक गोल दोन काड्यांची पिन तिथे चालते, आपली तीन काड्यांची चालत नाही.

पाकीटमारी स्टेशनात, ट्राममध्ये आणि पुलावरच्या गर्दीत होते. तिकीटयंत्राजवळ न बोलावता मदतीला येणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे. रस्त्यावर चादरीवर मांडलेल्या नकली पर्स घेऊ नयेत. घेणाऱ्यालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. रात्री काशिने उद्यान टाळावे. संकटात ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे लेखी तक्रार, मग रोममधला आपला दूतावास; तो परतीपुरता आपत्कालीन दाखला देतो, त्यासाठी त्या कागदी प्रतींचा उपयोग होतो.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या. परदेशातल्या शहरावरच्या प्रत्येक लेखाखाली एक छोटी चौकट द्यावी: अर्ज कधीपासून कधीपर्यंत करता येतो, संग्रहालये कोणत्या वारी बंद, कशाचे आरक्षण आधी लागते आणि त्यातले काय रद्द होत नाही. आणि ‘हमखास व्हिसा’ असे छापून आणणाऱ्या जाहिराती घेऊ नयेत. व्हिसा देणे न देणे वकिलातीच्या हाती असते, कोणताही दलाल त्याची हमी देऊ शकत नाही.

कळावे,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)